साडेब्याऐंशी किलो

"गेला! खाली गेला!"

तीनशे माणसं एका दमात ओरडली आणि रंगखात्यातल्या त्या आडदांड गड्याचा हात धप्पकन मांडीवर आदळला. रोज तीस-तीस किलोचे लोखंडी पत्रे खांद्यावरून वाहणारा माणूस तो. त्याच्या मनगटावर मार्गदर्शकांनी फक्त दोन बोटं टेकवली होती. मऊ आवाजात विचारलं होतं, "मित्रा, मनात कुठे दुसरीकडे जायचा विचार आहे का?" गडी म्हणाला, "नाही सर." आणि हात पडला.

मग गडी रडायला लागला. पंचेचाळिशीचा बाप्या, हुंदके देत म्हणाला, "चुकलो सर. मागच्या आठवड्यात एका ठिकाणी मुलाखत देऊन आलो."

काय टाळ्या पडल्या म्हणता! कोणी डोळे पुसतंय, कोणी शेजाऱ्याला मिठी मारतंय. शरीर खोटं बोलत नाही, शरीर खोटं बोलत नाही, असं सगळे एका सुरात म्हणत होते. हे आमच्या कंपनीचं ब्रीदवाक्य. पूर्वी ते "आमचा काटा खोटं बोलत नाही" असं होतं. कारण आम्ही वजनकाटे बनवतो. ट्रकच्या मालाचे, दुकानातले, दवाखान्यातले, सगळे.

मी त्या वेळी शिडीवर होतो. मी दुरुस्ती खात्यातला फिटर, चोवीस वर्षांची नोकरी. मार्गदर्शकांच्या पाठीमागच्या भिंतीवर "आपण एक परिवार" असा भलामोठा फलक लावला होता. त्याचा एक कोपरा सुटला म्हणून मला शिडीवर चढवलं होतं आणि सभा संपेपर्यंत तो कोपरा धरून ठेवायला सांगितलं होतं. पाऊण तास मी भिंतीला चिकटलेल्या पालीसारखा तिथे लटकत होतो. पण त्या पाऊण तासात मला जे दिसलं, त्याने माझी झोप उडाली. ते सांगतोच. आधी हे मार्गदर्शक कोण ते ऐका.

थोरले मालक थकले तसा त्यांनी कारभार पुतण्याकडे सोपवला. पुतण्या कसलासा नेतृत्वाचा कोर्स करून आला होता. आल्या आल्या म्हणाला, मला मालक म्हणू नका, मार्गदर्शक म्हणा. कंपनीला कंपनी म्हणू नका, परिवार म्हणा. पाठोपाठ सकाळची शपथ आली. छातीवर हात ठेवून म्हणायची. गळ्यात पट्ट्या आल्या. नव्याला पांढरी, मुरलेल्याला निळी, आणि जो मार्गदर्शकांच्या खोलीत बसून "मन हलकं करतो", म्हणजे आपल्या आणि शेजाऱ्याच्या मनातलं सगळं ओकतो, त्याला सोनेरी. नोकरी सोडून गेलेल्यांना "गळालेले" म्हणायचं आणि रस्त्यात भेटले तरी त्यांच्याशी बोलायचं नाही.

मी मनातल्या मनात त्यांना सूटबुवा म्हणायचो. भगव्याच्या जागी करडा सूट, बाकी थाट तोच. एक फरक मात्र होता. मठात जाणारा माणूस आपण श्रद्धेने जातोय हे जाणून जातो, आणि नाही पटलं तर जायचं बंद करतो. आम्ही आलो होतो पगारासाठी. घरी पोरांच्या शाळा, म्हाताऱ्यांची औषधं. सोडून जाणार कुठे? आणि बुवा निदान हा दैवी चमत्कार आहे असं म्हणतो. हे म्हणायचे, हे विज्ञान आहे.

त्या विज्ञानाचं नाव हातपरीक्षा. दर शुक्रवारी दुपारी चार-पाच जणांना पुढे बोलवायचं. हात बाजूला सरळ ताणून धरायचा. मार्गदर्शक एक प्रश्न विचारणार आणि दोन बोटांनी हात दाबणार. मन स्वच्छ असेल तर हात टिकतो, मनात विष असेल तर पडतो. पडला की आधी कबुली, मग महिनाभर "मौन", म्हणजे कोणीही त्या माणसाशी बोलायचं नाही.

आमचा स्टोअरकीपर आठ महिन्यांपूर्वी पडला होता. ती सभा जुन्या कँटीनमध्ये झाली होती. बिचाऱ्याकडे कबूल करायला काहीच नव्हतं. तो म्हणत राहिला, "सर, माझ्या मनात खरंच काही नाही." त्यावर मार्गदर्शक म्हणाले, "तुला ते अजून दिसलेलं नाही." तेव्हापासून हा सहा फुटी माणूस खाली मान घालून चालतो. एकदा मला म्हणाला, "मी रोज शोधतो रे, माझ्या आत काय घाण आहे ते. सापडतच नाही."

आणि मी? खोटं कशाला बोलू, माझीही परीक्षा झाली होती आणि माझा हात टिकला होता. टाळ्या पडल्या तेव्हा छाती फुगली होती माझी. निळी पट्टी घालून घरी गेलो, बायकोला दाखवली. ती म्हणाली, "या वयात पट्टा बांधून घेतलात?" मी तिच्यावर चिडलो. आज आठवलं की लाज वाटते.

आता शिडीवरची गोष्ट. माणसं वाढली म्हणून ती सभा पहिल्यांदाच माल रवाना करायच्या मोठ्या हॉलमध्ये घेतली होती. एचआरबाईंनी मार्गदर्शकांना उभं राहायला छान जागा शोधली होती. हॉलच्या मधोमध पिवळ्या पट्ट्यांनी आखलेला एक चौकोन आहे, गुळगुळीत, सपाट. त्यावर त्यांनी लाल गालिचा टाकला. समोर ज्याची परीक्षा तो माणूस चौकोनाच्या बाहेर उभा राहणार.

तो चौकोन म्हणजे आमचा जमिनीतला वजनकाटा. रवाना होणारी प्रत्येक पेटी त्यावरून जाते. वर्षानुवर्षं आम्ही त्याच्यावरून येतो-जातो, त्यामुळे तो काटा आहे हे कोणाच्या डोक्यातच उरलं नव्हतं. काटे बनवणाऱ्या कारखान्यात, काटेवाल्यांनी, आपल्या गुरूला काट्यावर उभं केलं आणि एकाच्याही लक्षात आलं नाही! त्या काट्याचे लाल आकडे दाखवणारी पाटी भिंतीवर आहे आणि ती कधीच बंद करत नाहीत. फलक नेमका तिच्यावर लावला होता. शिडीवरून, फलकाच्या फटीतून, ते आकडे फक्त मला दिसत होते.

८२.५. हे झालं मार्गदर्शकांचं वजन.

सोनेरी पट्टीवाल्या एकाचा हात दाबला तेव्हा आकडा ७८ वर आला. हात टिकला. रंगखात्यातल्या गड्याचा दाबला तेव्हा आकडा सरळ ६७. हात पडला.

मी फिटर आहे, प्रोफेसर नाही. पण काट्यावर उभं राहून बाजूच्या टेबलावर जोर दिला की आकडा कमी होतो हे आमच्याकडे झाडूवालासुद्धा जाणतो. जेवढा जोर टेबलावर, तेवढं वजन काट्यावरून कमी. म्हणजे एकाला साडेचार किलोचा दाब आणि दुसऱ्याला साडेपंधरा! शिवाय वरून आणखी एक गोष्ट दिसली. सोनेरी पट्टीवाल्याचा हात कोपराजवळ दाबला होता, गड्याचा मनगटाशी. पाना टोकाला धरून फिरवला की घट्ट नटही सुटतो, तोच हिशेब. आणि परीक्षेआधी एचआरबाई एक फाईल उघडून मार्गदर्शकांपुढे धरायच्या. गड्याच्या मुलाखतीची खबर त्या फाईलमध्ये होती, त्याच्या शरीरात नव्हती.

मी शिडीवरून उतरलो तेव्हा हसू येत होतं. एचआरबाईंनी पुढच्या शुक्रवारची यादी वाचली आणि हसू पळालं. पहिलंच नाव माझ्या धाकट्या बहिणीचं होतं.

धाकटी तपासणी खात्यात आहे. तिच्या सहीशिवाय एकही काटा बाहेर जात नाही. त्या महिन्यात तान्ह्या बाळांना जोखायच्या दोनशे काट्यांची ऑर्डर होती, प्रसूतिगृहं चालवणाऱ्या एका संस्थेची. तिने सही करायला नकार दिला होता. तिचं म्हणणं, वीस मिनिटं काटा चालू ठेवला की तो बाळाचं वजन साठ-सत्तर ग्रॅम जास्त दाखवतो. दोन किलोच्या पिल्लाचं वजन घटत असलं तरी कागदावर वाढतंय असं दिसेल आणि डॉक्टर निर्धास्त राहील. मार्गदर्शकांना पुढच्या शुक्रवारनंतर लगेच, सोमवारी माल पाठवायचा होता. त्यांनी तिला बोलावून गोड शब्दांत सांगितलं, "दोष काट्यात नसतो. पाहणाऱ्याच्या मनात असतो."

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. ती सुरीने भाजी चिरत होती.

"दादा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "हात पडला तर सही करून टाकणार."

"वेडी आहेस का? काटे चुकतायत हे तू स्वतः पाहिलंस ना?"

"अकरा वेळा पाहिलं. पण खात्यात सगळे म्हणतात, माझ्याच मनात खोट आहे. आठ दिवस झाले, कोणी माझ्याशी धड बोलत नाही. माझंच चुकत असेल तर?"

मी तिला काटा, आकडे, दाब, सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि सुरी खाली ठेवली.

"दादा, तू माझा भाऊ आहेस. मला वाचवायला काहीही सांगशील. आणि रंगखात्यातल्या माणसाने कबूल केलं, ते?"

"अगं, तीनशे माणसांसमोर हात पडला तर मीसुद्धा बालपणीच्या चोऱ्या कबूल करेन!"

"तू मध्ये पडू नकोस. माझी शपथ आहे."

जी पोरगी लहानपणी आईने दिलेला लाडूसुद्धा माझ्या लाडवाशी ताडून बघायची, तिचा आज स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता. नोकरी गेली असती तर एक वेळ दुसरी शोधली असती. हे गेलं तर कुठून आणायचं?

शुक्रवार उजाडला. सकाळी फलक लावायचं काम अर्थातच माझ्याकडे. मी तो लावला, पण वरच्या दोन्ही कड्यांना एकच दोरी ओवली आणि तिचं टोक खांबाआडून खाली आणलं. गालिचा चौकोनाच्या बाहेर चार-चार बोटं पसरत होता. तो कडेला टेकला तर आकडे चुकायची भीती, म्हणून ब्लेडने चौकोनाच्या मापात कापून घेतला आणि काटा पुन्हा शून्यावर आणला. एचआरबाई म्हणाल्या, "वा, आता किती नीटनेटका दिसतोय!" मी म्हटलं, "परिवारासाठी एवढं करायलाच हवं, बाई."

दुपारी हॉल भरला. मार्गदर्शक गालिच्यावर उभे राहिले, पाठ भिंतीकडे, तोंड माणसांकडे. मी खांबाजवळ, हातात दोरी. फसलो तर मीही गळालेला, बहिणीशेजारी दुसरा.

"मित्रांनो," मार्गदर्शक म्हणाले, "प्रत्येक पेशी ऐकत असते. परिवाराचं नाव घेतलं की पेशी उमलतात, शंका घेतली की मिटतात. हे मी म्हणत नाही, हे शरीराचं भौतिकशास्त्र आहे!"

भौतिकशास्त्र त्यांच्या बुटांखालीच बसलं होतं. मी दोरी सोडली.

फलक सळसळत खाली आला. मार्गदर्शक किंचित दचकले, पण मागे न वळता हसून म्हणाले, "असू दे. परिवाराला फलकाची गरज नसते." सगळे हसले. त्यांच्या डोक्यावर लाल आकडे झळकत होते. ८२.५.

आधी फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याची पाळी आली. निळी पट्टी, फाईलमध्ये काही नाही. मार्गदर्शकांनी दाबलं. ७८. हात टिकला. टाळ्या पडल्या, पण नेहमीपेक्षा कमी. पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांच्या माना वर झाल्या होत्या. आम्ही काटेवाले. समोर आकडा हलला की आमची नजर तिकडे जाणारच.

"तपासणीच्या ताई, या."

ती पुढे आली. ओठ पांढरे पडले होते. ती मार्गदर्शकांकडे तोंड करून उभी राहिली. पण खाली घातलेली मान तिने वर उचललीच नाही, पाटीकडे तर बघितलंच नाही. हात बाजूला ताणला.

"ताई, त्या काट्यांबद्दलची शंका खरोखर काट्यांबद्दलची आहे? की परिवाराबद्दलची?"

"काट्यांबद्दलची," ती कशीबशी म्हणाली.

बोटं तिच्या कोपरावरून सरकत मनगटाशी आली. ८०. ७६. ७१. ६९. हात पडला.

हॉलमध्ये कुजबुज पसरली. मार्गदर्शकांना वाटलं, नेहमीचं आश्चर्य आहे. दोन्ही हात पसरून ते म्हणाले, "पाहिलंत?"

"पाहिलं सर," फोर्कलिफ्टवाला म्हणाला. "मला साडेचार किलो आणि तिला साडेतेरा. असं का?"

मार्गदर्शक वळले. त्यांच्या वळण्याने आकडा जरा हलला आणि पुन्हा ८२.५ वर थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. हा माणूस पक्का लबाड होता की त्याचा स्वतःचाच आपल्या बोटांवर विश्वास बसला होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

"हा काटा बिघडलेला आहे," ते म्हणाले. "इथे कोणाची तरी नकारात्मक..."

"नाही सर."

धाकटी बोलली. तिने पाटीकडे पाहिलं होतं. आवाज हलका होता, पण तो तिच्या तपासणीच्या टेबलावरचा आवाज होता, मी ओळखला. "हा काटा मी परवा तपासलाय. दोनशे ग्रॅमचासुद्धा फरक नाही. माझी सही आहे त्याच्यावर."

"ताई, तुमचं मन आत्ता..."

"सर, एकदाच परत दाबा." तिने हात पुन्हा ताणला. "इथेच, मनगटावर. मी आता मनातल्या मनात कंपनीला, तुम्हाला, सगळ्यांना वाट्टेल त्या शिव्या देते. भरपूर विष आणते मनात. फक्त तुम्ही अठ्ठ्याहत्तरच्या खाली जायचं नाही."

"असं या पद्धतीत चालत नाही."

"का चालत नाही?" मागून कोणीतरी ओरडलं. मग दुसरा. "दाबा की सर!" थोरले मालक त्या दिवशी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "दाब."

मार्गदर्शकांनी मान वळवून पाटीकडे बघत दाबलं. ८०. ७९. ७८. धाकटीने डोळे गच्च मिटले होते आणि ओठ हलत होते. चाळीस वर्षांत तिच्या तोंडून मी एक शिवी ऐकली नव्हती, त्या दिवशी कुठल्या कुठल्या आठवल्या असतील कोण जाणे. हात हलला नाही. रेसभरही नाही.

"आता मी मनात म्हणते, माझा परिवारावर पूर्ण विश्वास आहे," ती म्हणाली. "आता एकोणसत्तरपर्यंत जा."

मार्गदर्शक गालिच्यावरून उतरले आणि दाराकडे चालू लागले. पाटीवर शून्य आलं. एचआरबाई फाईल छातीशी धरून त्यांच्यामागे धावल्या.

मला वाटलं होतं, आता लोक जल्लोष करतील. तसं काही झालं नाही. एक सोनेरी पट्टीवाला अजूनही पुटपुटत होता, "पण मला ते खरंच जाणवलं होतं." रंगखात्यातला गडी आपल्याच मनगटाकडे बघत बसला होता. आणि मग स्टोअरकीपर गर्दीतून वाट काढत पुढे आला. आठ महिन्यांत मी त्याची मान पहिल्यांदा सरळ पाहिली. तो पाटीखाली उभा राहून माझ्याकडे वळला.

"माझ्या वेळी किती दाबलं होतं रे?"

काय सांगणार? जुन्या कँटीनमध्ये काटा नव्हता. मी म्हटलं, "माहीत नाही, दोस्ता. पण तुझ्यात काही नव्हतं. जे होतं ते त्यांच्या बोटांत होतं."

तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्याला कोणी मौन दिलं नाही. फोर्कलिफ्टवाला त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिला.

पुढचं थोडक्यात. शुक्रवारची सभा बंद झाली. सकाळची शपथ महिनाभर चालली, मग म्हणणारेच उरले नाहीत. बाळांचे काटे परत उघडले तेव्हा आतला एक सुटा भाग गरम झाला की प्रसरण पावतो असं निघालं. तो बदलला, माल सहा आठवडे उशिरा गेला, आणि त्या संस्थेने एका शब्दानेही तक्रार केली नाही.

वाचणाऱ्याला एकच विनंती. कामावर जीव टाका, साहेबाचा मान राखा, सहकाऱ्यांना भावंडं म्हणा, त्याला कोणाची ना नाही. पण तुमचं मन तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं असं कोणी म्हणाला, मग तो भगव्यातला असो की सुटातला, तर आधी तो कशावर उभा आहे ते बघा. एकाला आणि दुसऱ्याला सारखंच दाबतोय का, ते मोजा. मोजू देत नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं आहे.

त्या शुक्रवारी हॉल रिकामा झाल्यावर धाकटी सरळ तिच्या टेबलाशी गेली. मी मागोमाग. हात दुखत होता तिचा, खांदा चोळत होती. तिने बाळांच्या काट्यांचा तपासणीचा कागद पुढे ओढला, सहीच्या जागी ठसठशीत "नापास" लिहिलं आणि माझ्याकडे बघितलं.

"दादा, शपथ मोडलीस."

"मोडली."

"बरं केलंस," ती म्हणाली. मग तिने बाराव्यांदा काटा चालू केला, घड्याळ लावलं आणि वीस मिनिटं मोजत बसली.